टँकरचा बंद निरोप

१

जुन्या घाटाच्या वळणावर रस्त्यात दगड लावलेले होते. टँकर खालच्या नाल्यात आडवा पडला होता. पाणी सगळं वाहून गेलं होतं आणि खाली चिखल झाला होता. त्या चिखलात माझी बायको विमल होती.

त्या उन्हाळ्यात अंबाजोगाईकडच्या आमच्या भागात चिखल कुणी पाहिला नव्हता. विहिरी कोरड्या होत्या, नदीत धूळ उडत होती. त्यामुळे मी वरून खाली पाहिलं तेव्हा आधी मला चिखलच दिसला. विमल नंतर दिसली.

सकाळी ती मला म्हणाली होती, "अंबाजोगाईला जाऊन प्रिंटरची शाई आणते." मग ती टँकरमध्ये कशी, हे मला कळेना. ड्रायव्हर आश्रुबा पाय मोडून बाजूला पडला होता. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणत राहिला, "ब्रेक लागला न्हाई, भाऊ. ब्रेक लागला न्हाई."

आमच्या माळेवाडीत दूध उत्पादकांची सहकारी संस्था आहे. मी तिथं दूध मोजतो, फॅट काढतो. विमल संस्थेच्याच एका खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. दुष्काळ पडल्यावर संस्थेनं गुरांसाठी चारा छावणी काढली. छावणीला टँकरनं पाणी यायचं. टँकर कोणत्या वाटेनं येणार हे आधी कळलं की लोक रस्त्यात अडवायचे, पाईप लावून पाणी उतरवून घ्यायचे. इकडे गुरं हंबरत राहायची.

म्हणून विमलनं एक प्रोग्राम बनवला. साधाच होता. सगळी अक्षरं, काना-मात्रासुद्धा, तिनं एका ओळीत मांडली आणि त्यांना क्रमांक दिले. रोज एक गुप्त शब्द ठरायचा. त्या शब्दातल्या एकेका अक्षराचा जो क्रमांक, तितकी घरं निरोपातलं एकेक अक्षर पुढं सरकायचं. शब्द संपला की पुन्हा पहिल्यापासून. असं केल्यावर निरोप वाचता येत नसे. आम्ही त्याला बंद निरोप म्हणायचो. ज्याला शब्द ठाऊक, त्यानं तो मोबाईलवर टाकला की अक्षरं मागं यायची आणि निरोप उघडायचा.

बंद निरोप संस्थेच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर पडायचा. चोरून काही चाललंय असं कुणी म्हणू नये, म्हणून चेअरमन विठ्ठलरावांनीच तसं ठरवलं होतं. शब्द मात्र विमल तोंडी सांगायची आणि तिघांनाच सांगायची. ड्रायव्हर आश्रुबा, छावणी सांभाळणाऱ्या केशरबाई आणि संस्थेचा सचिव बद्रीनाथ. निरोप उघडायचा प्रोग्रामही या तिघांच्याच मोबाईलवर होता.

सुरुवातीला टँकर सुखरूप आले. पाडव्यानंतर पुन्हा लुटले जाऊ लागले. आणि मग हा घाट.

दहाव्याच्या दिवशी माझा धाकटा भाऊ सुग्रीव माझ्याशेजारी येऊन बसला. वाटण्या होऊन आम्ही वेगळे झालो होतो. आई माझ्याकडं राहायची. पण सुग्रीव रोज एकदा तरी विमलच्या हातचं खाऊन जायचा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"दादा," तो म्हणाला, "तिकडं तांड्यावरच्या बाया घागरी घिऊन वाट बघत आसतील. आन् हिकडं समदं पानी नाल्यात. आन् वैनी..."

मी मान हलवली. कुणी काय बोलत होतं ते माझ्या डोक्यात जात नव्हतं.

मग विठ्ठलराव आले. खुर्ची नको म्हणाले, सतरंजीवर बसले.

"उत्तरेश्वर, एक सांगायचं हाय. आत्ता सांगू नये, पन तुला दुसऱ्याकडून कळन्यापरीस मीच सांगतो. रोजचा शब्द कोन ठरवायचं? विमलबाई. समद्या चाव्या एकीच्याच हातात. सभासद इचारतेत. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव येतोय."

"कसला ठराव?"

"निरोप विमलबाईनं फोडला, संस्थेचा दोष न्हाई, आसा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आप्पा, ती सोता गाडीत होती की!"

"हिस्सा घ्यायला गेली आसंल, आसं म्हनतेत. मी न्हाई म्हनत. लोक म्हनतेत."

माझ्या आईच्या हातातली परात खाली पडली. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "सभा कोणत्या दिवशी आहे?"

दारात विमलची थोरली बहीण तुळजाबाई उभी होती.

२

तुळजाक्का कारागृहाच्या नोकरीतून निवृत्त झालेली. कैद्यांना येणारी आणि कैद्यांनी लिहिलेली पत्रं वाचून पुढं सोडायची, हे तिचं काम. सगळी हयात तिनं दुसऱ्यांची पत्रं वाचण्यात घालवली. सख्खी बहीण गेली तरी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिचा रागच आला होता.

विठ्ठलराव गेल्यावर ती म्हणाली, "पाव्हणं, विमलचं नाव त्या ठरावात गेलं की कायमचं गेलं. रडायचं नंतर. आधी मला त्या तिघांकडं न्या."

केशरबाई छावणीत होत्या. हातात काठी, कमरेला पदर खोचलेला. एका म्हशीवर ओरडत होत्या, "तुझी पेंड संपली, भवाने! दुसऱ्याच्या दावनीत कावून तोंड घालतीस?"

अक्कानं विचारलं, "त्या दिवशी टँकर कुठं येणार होता, बाई?"

"कुठं म्हंजी? हितंच. छावनीला." केशरबाई म्हशीकडंच बघत राहिल्या.

बद्रीनाथ ऑफिसात होता. तो शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा माणूस. "मॅडम, मी फक्त ग्रुपवर टाकतो. टँकर छावणीलाच होता. बाकी मला काही विचारू नका." त्याला घाम फुटला होता. पंखा चालू होता तरी.

आश्रुबा अंबाजोगाईच्या दवाखान्यात, पायाला वजन बांधून पडला होता. त्याच्या उशाशी मोसंब्यांची पिशवी होती. अक्कानं एक उचललं.

"हे कुणी दिलं?"

"सुग्रीवभाऊनं, सोताच्या बागंतली. लई जीव लावतेत. घ्या की, रसाळ हायती."

अक्का सोलून खायलाच लागली. खाता खाता तिनं विचारलं, "टँकर कुठं चालला होता?"

"छावनीला."

"विमल गाडीत कशी?"

आश्रुबानं तोंड भिंतीकडं केलं. "अंबाजोगाईला सोडा म्हनल्या."

बाहेर आल्यावर अक्का रुमालानं हात पुसत म्हणाली, "तिघंही खोटं बोलतायत. आणि तिघं एकच खोटं बोलतायत."

"कशावरून?"

"छावणीला जायला डांबरी रस्ता आहे. अंबाजोगाईला जायलाही तोच. जुना घाट या दोन्हीकडं नेत नाही. मग टँकर तिथं काय करत होता?"

मी त्या गावात जन्मलो. हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नव्हतं.

३

आम्ही परत केशरबाईंकडं गेलो. अक्का पेंडीच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, माझी बहीण मेली आणि वर तिला चोर म्हणणार आहेत. त्या दिवशीचा शब्द मला द्या. निरोप मी स्वतः उघडते."

केशरबाईंनी काठी खाली ठेवली. "बाभूळ," त्या म्हणाल्या. "आन् उघडल्यावर मला शिव्या देऊ नका."

विमलच्या खोलीतला कॉम्प्युटर मी तिच्यानंतर पहिल्यांदाच चालू केला. फळ्यावर अजून तिच्या अक्षरात ती सगळी ओळ होती, क्रमांक घातलेली. क्लासला येणाऱ्या सगळ्यांना ती हे आधी हातानं करायला लावायची, मग मशीनवर. मी ग्रुपवरचा बंद निरोप घातला, शब्द घातला, बटण दाबलं.

निरोप उघडला.

श्री योगेश्वरी प्रसन्न. आधी तांडा, मग छावणी. जुन्या घाटाच्या वाटेनं. मी गाडीत सोबत आहे.

मी शेवटची ओळ वाचली. परत वाचली. मग मी बाकावर बसलो.

केशरबाई आमच्या मागोमाग आल्या होत्या, त्या दारातूनच बोलत होत्या. "तांड्यावरचे लोक ऊसतोडीवरून वापस आले, तर हिरीत थेंब न्हाई. ते संस्थेचे सभासद न्हाईत. चेअरमन म्हनले, सभासदाच्या गुराला आधी. विमल म्हनली, मानसाला आधी. मी म्हनलं, बाई, तुझं खरं हाय. आश्रुबा भ्याला. म्हनला, कुनी पकडलं तर माझी नोकरी जाती. तवा ती म्हनली, मी सोबत बसते, इचारलं तर माझं नाव सांग. उत्तरेश्वरला सांगू नको, त्यो संस्थेत नोकरीला हाय, उगी त्याला अडचन. ती गेल्यावर आमी तिघंबी भ्यालो. गप बसलो."

अक्का माझ्याकडं पाहत होती. ती सावकाश म्हणाली, "पाव्हणं, दगड लावणाऱ्यानं हा निरोप वाचला होता. त्याशिवाय त्याला जुना घाट कळलाच नसता. आणि निरोपात लिहिलंय, मी गाडीत आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे विमल गाडीत आहे हे माहीत असून त्यानं घाटात दगड लावले."

४

त्यानंतर मला जेवण जाईना. विमलला मारायचं? कुणाला? तिनं कुणाचं काय केलं होतं? मी गावातल्या प्रत्येक माणसाकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, हा असेल का.

अक्कानं पाडव्याच्या आधीपासूनचे सगळे निरोप उघडायला लावले. बद्रीनाथला त्या त्या दिवसांचे शब्द आठवत होते तेवढे घेतले. ती चष्मा लावून वाचत बसली, जशी कैद्यांची पत्रं वाचत असेल तशी.

"बद्रीनाथ, आधीच्या निरोपांवर देवीचं नाव नाही. पाडव्यापासून प्रत्येकावर आहे. हे का?"

"चेअरमन साहेबांनी सांगितलं. पाडव्याच्या बैठकीत, सगळ्यांपुढं. आपल्या संस्थेचा एकही कागद देवीच्या नावाशिवाय निघत नाही. साधी पेंडीची पावतीसुद्धा."

"विमल काही म्हणाली?"

"नको म्हणाल्या. लई वाद घातला. म्हणाल्या, आप्पा, रोज सुरुवात एकच ठेवली तर शब्दाला अर्थ राहत नाही. चेअरमन म्हणाले, पोरी, आता देवीच्या नावानं तुझं मशीन बिघडतं का? सगळे हसले. मग त्यांनी घातलं."

अक्कानं चष्मा काढला. "हसले."

ती उठून फळ्यापाशी गेली. "पाव्हणं, हे बघा. बंद निरोपाचं पहिलं अक्षर ग्रुपवर सगळ्यांना दिसतं. ते मुळात काय होतं, हेही पाडव्यापासून सगळ्यांना ठाऊक. 'श्री'मधला श. मग त्या अक्षरापासून या अक्षरापर्यंत किती घरं झाली ते मोजायचं. तितक्या क्रमांकाचं अक्षर म्हणजे गुप्त शब्दाचं पहिलं अक्षर. असंच पुढचं, असंच त्याच्या पुढचं. 'श्री योगेश्वरी प्रसन्न' एवढं मोजून होईपर्यंत सगळा शब्द हातात येतो. कुणी फोडायची गरजच नाही. कैदी पत्रात कितीही लपवाछपवी करू दे, वरचा मायना तो नेहमीसारखाच लिहितो. मी तिथूनच धरायची."

"म्हंजी चेअरमन?"

"त्यांनी देवीचं नाव घातलं. त्यांच्या जागी दुसरा असता तरी घातलं असतं. त्यावरून काही ठरत नाही. पण एक गोष्ट ठरवता येईल. ज्याला शब्द ठाऊक आहे, त्याला वर देवीचं नाव असलं काय, नसलं काय, सारखंच. ज्याला ठाऊक नाही, त्याला ते नाव लागणारच."

तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. विमलच्या जागी मीच निरोप बंद करू लागलो होतो. पहिल्या दिवशी मी देवीचं नाव घालून निरोप टाकला, नदीकाठच्या वाटेनं टँकर येईल म्हणून. शब्द त्याच तिघांना सांगितला, आश्रुबाला फोनवर. टँकर निघताना बदली ड्रायव्हरला तोंडी सांगितलं, डांबरीनंच जा. आणि आम्ही दोघं टेकडीवरच्या देवळात जाऊन बसलो.

ऊन चढलं तसे तोंडाला रुमाल बांधलेले चौघं-पाचजण मोटारसायकलींवर आले. त्यांनी नदीकाठी दगड मांडले आणि बाभळीखाली बसून राहिले. टँकर येईना तेव्हा शिव्या देत निघून गेले.

"माणूस मेलं," अक्का म्हणाली, "तरी थांबले नाहीत."

दुसऱ्या दिवशी निरोप तोच, वाट तीच, तिघांना शब्दही सांगितला. फक्त देवीचं नाव काढलं. नदीकाठी चिटपाखरू आलं नाही. पुढच्या दिवशी नाव परत घातलं. रुमालवाले परत आले.

केशरबाई, बद्रीनाथ, आश्रुबा तिघंही सुटले होते. अक्कानं त्यांना तसं तोंडावर सांगितलं. बद्रीनाथ टेबलावर डोकं ठेवून रडला.

विमलही सुटली होती. पण हे सभेला पटवायचं तर नाव हवं होतं.

"ज्याला शब्द ठाऊक नव्हता तो," मी म्हणालो. "म्हंजी अख्खं गाव."

"नाही," अक्का म्हणाली. "ज्याला हा फळा समजतो तो. विमलच्या क्लासला बसलेला."

क्लासला बसलेल्यांची नावं मी सांगितली. त्यातल्या एका नावाशी माझी जीभ अडायला हवी होती, ती अडली नाही. इतकं ते नाव घरातलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी अक्का एकटीच तांड्यावर जाऊन आली. आल्यावर तिनं पाणी मागितलं, प्यायली आणि मला समोर बसवलं.

"मी तिथल्या बायांना विचारलं, त्या दिवशी टँकरची वाट पाहत होता का? त्या म्हणाल्या, कोणता टँकर? आमी तर झऱ्यावर गेलतो. विमलनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर उगीच आशा नको, असा विचार केला असेल. म्हणजे टँकर तांड्याला जाणार हे तांड्यालाही ठाऊक नव्हतं. तिघांनी भीतीनं तोंड उघडलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. चेअरमनला नव्हतं. बरोबर?"

"बरोबर."

"आता नीट आठवा. आपण निरोप उघडला त्याच्या आधी, तुमच्यासमोर कुणी तांड्याचं नाव काढलं होतं का?"

मी नाही म्हणणार होतो. माझं तोंड उघडलंही होतं. मग मला सतरंजी दिसली, सुजलेले डोळे दिसले, घागरी घेऊन बसलेल्या बाया ऐकू आल्या.

"न्हाई," मी म्हणालो. "अक्का, न्हाई. त्यो रडत होता."

"कोण?"

मी दाराबाहेर, सुग्रीवच्या बागेच्या दिशेला बघितलं.

"त्यानं दवाखान्यात मोसंबी नेली होती," अक्का म्हणाली. "मी एक खाऊन पाहिलं. या उन्हाळ्यात लोकांनी बागा तोडून सरपण केलं. आणि ह्याच्या मोसंबीत इतका रस. त्याला पाणी कुठलं, असं मी तेव्हाच मनात म्हटलं. पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. आता होतं."

"त्याची बोअर चालू हाय. त्योच म्हनला."

"तुम्ही पाहिली?"

मी पाहिली नव्हती. भावाची बोअर कोण जाऊन बघतो?

"अक्का, वैनीला मारंल त्यो? तिच्या हातचं रोज खायाचा. तिला मारंल?"

"तेच मला कळत नाही," अक्का म्हणाली. "चला."

६

सुग्रीवच्या बागेत आम्ही दुपारी पोचलो. बांधाबाहेर सगळं राखाडी होतं आणि आत हिरवं. बागेच्या मागं शेततळं होतं, प्लास्टिक अंथरलेलं. त्यात पाणी होतं. बोअरच्या पाईपवर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं.

सुग्रीव झाडाखाली बसला होता. आम्हाला पाहून उठला. "या अक्का. दादा, बस. रस काढू का?"

अक्कानं पिशवीतून एक कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला. वर ग्रुपवरचा त्या दिवशीचा बंद निरोप होता. खाली फळ्यावरची अक्षरांची ओळ.

"हे सोडव," ती म्हणाली.

"मला कुठं येतंय ते?"

"विमलनं शिकवलंय तुला. देवीच्या नावापासून सुरुवात कर. शब्द निघेल."

सुग्रीवनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. तो हळूहळू खाली बसला.

"दादा, दहा वर्षांची झाडं हायती," तो म्हणाला. "एक उन्हाळा पानी न्हाई भेटलं तर मरतेत. मी पोरं मोठी करावी तशी केली. चार टँकर आनले, पाच आनले. कुनाला कायबी झालं न्हवतं. ड्रायव्हरला खाली उतरवायचं, पानी घ्यायचं, सोडून द्यायचं. घाटात ब्रेक लागनार न्हाई हे मला काय म्हाईत? आन् वैनी गाडीत आसंल हे मला काय म्हाईत, दादा! कुनाला म्हाईत होतं?"

"निरोपात होतं," मी म्हणालो.

"न्हाई."

"होतं, सुग्रीव."

"न्हाई! मी सोडवला न्हवं का! आधी तांडा, मग छावनी, जुन्या घाटाच्या..." तो थांबला.

अक्कानं पेन त्याच्या हातात दिलं. "त्याच्यापुढं अजून अक्षरं आहेत," ती म्हणाली. "बघ."

सुग्रीवनं कागद मांडीवर घेतला. बोटानं घरं मोजू लागला. पहिलं अक्षर लिहिलं. दुसरं लिहिलं. ओठ हलत होते. 'मी' झालं. 'गाडीत' व्हायला वेळ लागला, मध्ये त्याचं मोजणं चुकलं आणि त्यानं खोडून पुन्हा केलं. शेवटची अक्षरं त्यानं लिहिलीच नाहीत. पेन कागदावर ठेवलं.

"वाट कळली की मी कागद टाकून दिलता," तो म्हणाला. "हातानं लई येळ लागतो. पोरं निघायची होती. वाट कळली, पुढचं कशाला... दादा, पुढचं कशाला सोडवू, आसं वाटलं."

मला वाटलं होतं, मी त्याला मारीन. हात उचललाच गेला नाही. खून नव्हता. त्याला थोडा जास्त वेळ असता तर विमल आज घरात असती.

"आन् नंतर?" मी विचारलं. "ती गेल्यावरबी दोनदा पोरं पाठवली. नदीकाठी. आमी बघितली."

सुग्रीव झाडांकडं बघत म्हणाला, "आता झाडं मेली तर वैनी फुकट गेली, आसं वाटलं."

अक्का उठून बांधापाशी गेली आणि तिकडं तोंड करून उभी राहिली. तिची पाठ हलत होती. ती रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मी सुग्रीवला म्हणालो, "उद्या सभा हाय. तू येनार."

तो "हो" म्हणाला.

७

सभा संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सगळं गाव आलं होतं, मागच्या बाजूला बाया. केशरबाई तांड्यावरच्या चौघींना घेऊन आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ह्या सभासद न्हाईत." केशरबाई म्हणाल्या, "मंग मला उठव आधी." तो गप्प बसला. माझी आई पहिल्या ओळीत बसली होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंडच झालं नव्हतं. सुग्रीव माझ्याशेजारी बसला होता, पायांकडं बघत.

सभा सुरू व्हायच्या आधी विठ्ठलराव मला बाजूला घेऊन गेले. अक्कानं सकाळीच त्यांना सगळं दाखवलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. देवीच्या नावाचं ते दोनदा बोलले, "मला काय ठाऊक, मला काय ठाऊक."

मग म्हणाले, "उत्तरेश्वर, एक ऐक. मी ठराव मागं घेतो. अपघात झाला, कुनाचाबी दोष न्हाई, आसं लिहू. विमलबाईचं नाव निघून जाईल. सुग्रीवचंबी निघनार न्हाई. भाऊ हाय तुझा. तुझ्या आईला दोनच ल्योक. घरातलं घरात मिटव."

मी विचार केला. खरंच केला. एक बायको गेली होती. भाऊही घालवायचा का? ठराव नसला की झालं. पण ठराव मागं घेतला म्हणून लोक बोलायचे थांबणार नव्हते. पारावर, डेअरीच्या रांगेत, दरवर्षी उन्हाळा आला की बोलणार होते: तिनंच फोडला होता, नवऱ्यानं रदबदली करून मिटवलं.

"न्हाई आप्पा," मी म्हणालो. "ठराव वाचा. मला त्याच्यावर बोलायचंय."

त्यांनी वाचला. विमलचं नाव आलं तेव्हा मागं कुजबुज झाली. कुणीतरी खोकलं. मी उठलो.

मला भाषण येत नाही. मी दूध मोजतो. मी एवढंच सांगितलं की शब्द कुणी फोडला नव्हता, फोडायची गरजच नव्हती, आणि का नव्हती. बद्रीनाथ उठून म्हणाला, हे खरं आहे. केशरबाई बसूनच म्हणाल्या, "पोरगी मानसाला पानी द्यायला गेलती. आमी तिघं भिऊन गप बसलो. लिहा आमचीबी नावं."

"मग वाट कुणी सांगितली?" मागून एकजण ओरडला. "नाव सांग की बे!"

माझ्या शेजारी सुग्रीवनं डोळे मिटले.

"निरोप माझ्या भावानं उघडला," मी म्हणालो. "सुग्रीवनं. दगड त्यानं लावायला लावले. विमलनं कुनाला कायबी सांगितलं न्हवतं."

माझा आवाज फारसा निघालाच नव्हता. पुढच्या दोन ओळींनाच ऐकू गेलं. मागच्या ओळींत माणसं एकमेकांना विचारत होती, काय म्हणाला, कोण म्हणाला.

मी आईकडं पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. ती सुग्रीवकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. मला वाटलं ती पडेल. मी पुढं झालो. तिनं हातानंच मला थांबवलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. उठायला तिला वेळ लागला.

"परत सांग," आई म्हणाली. "मोठ्यानं सांग. मागं बायांना ऐकू गेलं न्हाई."